वाईला काही काम नव्हतं

आज सकाळी नणंदेचा फोन आला. मला नाही, ह्यांना. "दादा, वहिनी बरी आहे ना रे? काही टेन्शन वगैरे?" का, तर तिच्या ओळखीतल्या कुणीतरी मला गेल्या आठवड्यात एसटीत पाहिलं. एकटीला, खिडकीशी, शेंगा खाताना. फोन स्पीकरवर आणि मी समोर मेथी निवडत बसलेली!

हो, गेले होते वाईला. काम नव्हतं. लग्न नव्हतं, मयत नव्हतं, नवस नव्हता, कुणाला दवाखान्यात बघायलाही जायचं नव्हतं. स्वारगेटला गाडी लागलेली दिसली, खिडकी रिकामी होती, बसले. संध्याकाळी परत आले. एवढंच.

पण नाही. पन्नाशी उलटलेली बाई, दारात चारचाकी असताना, एसटीनं, एकटी, बिनकामाची! म्हणजे डोक्यावर परिणामच झालेला असणार. हेच मी हजारो रुपये भरून कुठल्यातरी फार्महाउसवर 'स्वतःला शोधायला' गेले असते, तर ह्याच मंडळींनी फोटोखाली बदाम टाकले असते. मोठ्या माणसाची मजा महाग तरी हवी, नाहीतर तब्येतीला चांगली तरी. चालायचं ते शुगरसाठी, हसायचं ते क्लबात नाव घालून. उगीच म्हणून काही करायची सोयच उरलेली नाही.

कंडक्टरनं मशिनमधून तिकीट काढून हातात दिलं. हाफ. 17 मार्च 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण एकटीचं, फक्त स्वतःचं हाफ तिकीट हातात आलं आणि मी उगाचच खूश झाले. लहानपणी बारा वर्षांपर्यंत हाफ असायचं. माझं आईनं तेरावं लागल्यावरही थोडे दिवस रेटलं होतं, "पाय पोटाशी घेऊन बस, बारीक दिसशील" म्हणून. मग फुल झालं आणि खिडकी गेली ती गेलीच. आधी धाकट्या भावाला, मग ह्यांना घाटात मळमळतं म्हणून, मग पोरांना. आपण कडेला, मांडीवर पिशवी आणि पिशवीत सगळ्यांच्या ओकाऱ्यांसाठी लिंबं.

आता कुणीतरी म्हणेल, रोज उभ्यानं कामावर जाणाऱ्याला विचारा एसटीचं कौतुक. बरं, मान्य. सवलतीवरही वाद घालायला येतील काहीजण. घाला.

सारोळ्याच्या पुलावर नीरा दिसली. पुढे खंबाटकी चढताना इंजिनाची घरघर तळपायातून वर यायला लागली. मी दाणे तळहातावर चोळले आणि फोलपटं फुंकली खिडकीबाहेर. वाऱ्यानं सगळी आत, थेट मागच्या आजींच्या पदरावर. "आगं पोरी, नीट की!" पोरी!! मला!

आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांचं तर तिकीटच माफ. पदर झटकत विचारलं, "कुठं निगालीस?" "वाईला." "कुणाकडं?" "कुणाकडं नाही." म्हणाल्या, "बरं हाय की," आणि शेंगांसाठी हात पुढे केला. ना चौकशी, ना काळजी. सुरूर फाट्यापर्यंत आम्ही दोघींनी तो पुडा संपवला.

वाईत काय केलं म्हणाल, तर ढोल्या गणपतीला नमस्कार, घाटाच्या पायरीवर बसणं, एक मिसळ. ते कुठेही होतं हो. मजा गाडीत होती.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. नणंदेचं तरी काय चुकलं? तिला माहेरी यायलासुद्धा भाऊबीज नाहीतर कुणाचं तरी आजारपण लागतं. कारणाशिवाय उंबरा ओलांडलेली बाई तिनं पाहिलीच नसेल, तर काळजी वाटणारच. त्या आजींना नाही वाटली, पण त्या सगळं करून सवरून मोकळ्या झालेल्या. हिची सासू अजून हिच्याच हातचं खाते. तिला घेऊन जायला हवं एकदा, भोरला नाहीतर कुठेही.

तरी पण दादाला फोन कशाला? मी मेले होते का? मला विचारायचं की सरळ!

आणि हे हळूच म्हणतात, पुढच्या वेळी मीही येतो. या म्हटलं. तुम्हाला फुल तिकीट पडेल आणि खिडकी मिळणार नाही. लिंबू आपलं आपण आणायचं.