रांगेतले स्ट्रायकर

भारताचा स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा पुढचा खेळाडू, सुनील छेत्री 2024 च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला आणि मार्च 2025 मध्ये त्याला परत यावं लागलं. तेव्हापासून फोंड्याच्या मित्रांशी फोनवर बोलताना विषय एकच: आपल्याकडे स्ट्रायकर का तयार होत नाहीत? बहुतेकांचा राग परदेशी खेळाडूंवर. एफसी गोवाच्या स्पॅनिश कोरोमिनासने 2017-18 च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) 18 गोल मारले, पुढच्या मोसमात 16. मग त्या जागी गोव्याचा पोरगा खेळणार कधी? मुद्दा खोटा नाही. पण इथे जर्मनीत लहान मुलांच्या सरावाला हातभार लावताना वाटतं, आपण वीस वर्षांच्या खेळाडूवरून भांडतोय. घोळ नवव्या-दहाव्या वर्षीच झालेला असतो.

सुट्टीत गावी गेलो की संध्याकाळी मैदानावर दिसते ती रांग. पुढचा मुलगा प्लास्टिकच्या कोनांमधून (शंकूंमधून) बॉल नेतो, शॉट मारतो आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. अंगावर येणारा डिफेंडर कुठेच नाही. कोन काही पाय घालत नाही.

त्यापेक्षा गोल मारणारे तिघे आणि अडवणारे दोघे डिफेंडर, असं खेळवावं. गोलकीपर खरा, आणि दहा सेकंदांत शॉट व्हायलाच हवा. मधल्याने बॉल घेऊन थेट एका डिफेंडरवर चाल करायची. तो पुढे आला की पास, मागे सरकत राहिला तर स्वतः शॉट. बाजूचे दोघे जितके लांब राहतील तितकी डिफेंडरांची पंचाईत. मुलं मात्र सगळी बॉलकडेच धावतात. पास लवकर दिला तर डिफेंडर सावरतो, उशीर केला तर बॉल जातो. ती नेमकी वेळ सांगून कळत नाही, चुकूनच कळते. डिफेंडरांनी बॉल काढला तर त्यांना मारायला समोर दोन छोटे गोल ठेवावेत, म्हणजे पुढच्यांनाही मागे पळावं लागतं. कोचने या वेळात गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड, जर्मनांनाही.

जर्मन फुटबॉल महासंघाने 2024-25 पासून अगदी लहान गटांत दोघे-दोघे किंवा तिघे-तिघे असे छोटे सामने सक्तीचे केले, गुणतक्ता काढून टाकला. इथल्या कित्येक पालकांना ते अजून पचलेलं नाही. पोरं जिंकायला कधी शिकणार, हा प्रश्न फोंड्यात ऐकू येतो तसाच इथेही. बारा वर्षांपुढे तक्ता असावा, असं माझंही मत आहे. पण छोट्या सामन्यांसाठी आपल्याला नियम लागत नव्हता. भात कापून झालं की सुक्या शेतात चपलांचे गोल मांडून, जमतील तेवढ्यांत खेळ व्हायचा.

फोंड्यातला एक कोच मित्र म्हणतो, "तीस पोरं आणि मी एकटा, रांग लावणार नाही तर काय करू?" त्याचं खरं आहे. इथे दोन-तीन पालकच शिट्टी घेऊन उभे राहतात, त्याच्याकडे तसं कोणी येत नाही. तरी मैदानाचे तीन चौकोन आखून मोठ्या गटातल्या एकेका मुलाला एकेका चौकोनावर उभं करता येईल. आणि परदेशी खेळाडूंच्या कोट्यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्या पालकांनी फी भरताना विचारावं, तासाभरात आमच्या मुलाच्या पायाला बॉल किती वेळा लागतो?