फुकटचे फ्लॅट आणि ‘तसली माणसं’

‘नवा कायदा! नागपुरातल्या मोठ्या स्कीममध्ये वीस टक्के फ्लॅट झोपडपट्टीवाल्यांना फुकट. पैसा तुमच्या खिशातून, बिल्डर बुडणार, भाव पडणार. बुकिंगआधी विचार करा.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाच्याकडे पोचला. त्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, मनीषनगरचं बुकिंग थांबवू का?’

अरे बाप्पा, कायदा नवा कुठला? मोठ्या स्कीममध्ये वीस टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, ही अट राज्यात २०१३ पासून आहे आणि २०२० च्या यूडीसीपीआरमध्येही, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीतही, ती कायम आहे. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना ती लागू होते. २०११ च्या जनगणनेतच नागपूर २४ लाखांचं होतं.

फुकटही काही नाही. ही घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. ज्याचा नंबर लागतो तो पैसे भरतो, बहुतेक जण कर्ज काढूनच.

मला खरा संताप आला तो ‘झोपडपट्टीवाले’ या शब्दाचा. सोडतीत कोण बसतं ते जरा बघा. म्हाडाने २०२२ मध्ये उत्पन्नाच्या मर्यादा बदलल्या. नागपूर महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट. म्हणजे घरात महिन्याला पन्नास हजार येत असतील तरी तुम्ही अत्यल्प गटात! खासगी शाळेतला मास्तर, पतसंस्थेतला क्लार्क, मिहानच्या एखाद्या कंपनीत नुकताच चिकटलेला पोरगा. आमचा भाचाही त्यातच. घरात कमावणारा तो एकटा. ज्या माणसांची भीती दाखवणारा मेसेज त्याने पुढे ढकलला, त्यांच्यात तो स्वतः आहे. आणि समजा वस्तीतल्या एखाद्याचा नंबर लागला, त्याने रीतसर पैसे भरले, तर तो शेजारी का नको? हे मेसेजवाल्याने एकदा उघड लिहावं.

बिल्डर बुडणार, म्हणे. ही ३० ते ५० चौरस मीटरची घरं एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेत, मोजलीच जात नाहीत; तेवढं बांधकाम बिल्डरला वरचं मिळतं. पुण्यात म्हाडा याच योजनेतल्या घरांच्या सोडती काढत आली आहे. तिथले बिल्डर काही भीक मागत नाहीत.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. म्हाडाला द्यायच्या घरांचा भाव बिल्डर ठरवत नाही. त्यामुळे तिथे कमी पडलेला नफा तो उरलेल्या फ्लॅटांवर काढायला बघणार, आणि बाजार तेजीत असला तर काढेलही. पण अट लागते ती ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेला. त्याच्या जरा आत प्लॉट ठेवला की अटच नाही. तिथले फ्लॅट स्वस्त मिळतात का, ते कोणत्याही साइट ऑफिसात जाऊन विचारा. बजेटात घर मिळत नाही म्हणूनच लोक बिनपरवानगी लेआउटात प्लॉट घेत गेले. नागपुरातले ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनी ओळखले जाणारे असे लेआउट म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आरएलची, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राची, फाइल पडून आहे त्याला मी सांगायची गरज नाही.