उणे बावीसमधलं मैदान

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर सुट्टीत एक वाद ठरलेला. कुणीतरी मॉलमधला फोटो टाकतं, बदाम-फुलं येतात आणि पाठोपाठ दादा उगवतो, ‘अरे, पोरांना मैदानात न्या. त्या एसीच्या डब्यात काय ठेवलंय?’ यावेळी फोटो माझा होता. मिनेसोटातला मॉल, सकाळचे साडेनऊ, दुकानांची शटर खाली आणि मधल्या चौकात माझी दोन्ही मुलं बूट काढून घसरगुंडीवर. ‘मॉल दाखवायला अमेरिकेत गेलीस का?’ दादाने विचारलं.

बाहेर उणे बावीस होतं. एवढ्या थंडीत वाराही असला, तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठायला लागते. धाकटीला स्नोसूट, टोपी, दोन-दोन हातमोजे चढवायला वीस मिनिटं लागतात आणि शेवटची चेन ओढली की तिला हमखास शू लागते. इथे जानेवारीत मैदान असतं, पण बर्फाखाली.

त्या वेळी मॉलमध्ये आमच्याखेरीज असतात ते चालायला आलेले आजी-आजोबा. पांढरे बूट, हातात काही नाही, फेऱ्या सुरू. त्यातले एक आजोबा डाव्या खिशात दहा नाणी ठेवतात आणि दर फेरीला एक उजव्या खिशात टाकतात. धाकटी त्यांची अधिकृत मोजणीदार झाली आहे. मराठी अंक तिने आधी त्या नाण्यांवर गिरवले. आजोबांनाही आता ‘सात’पर्यंत येतात. तिथे कुणी काही विकत घेत नाही. दहाला शटर वर जातात, खेळण्यांचं दुकान उजळतं, ‘आई, मला हवंय’ सुरू होतं आणि आम्ही काढता पाय घेतो. ही युक्ती मला दोन हिवाळे आणि फरशीवर लोळून केलेले चार तमाशे झाल्यावर सुचली.

बंदिस्त, वातानुकूलित मॉलची ही तऱ्हा सुरू झाली तीही याच राज्यात. 1956 साली इडाइना गावात साउथडेल उघडला. आराखडा व्हिक्टर ग्रुएन यांचा. मूळचे व्हिएन्नाचे, 1938 मध्ये नाझींमुळे देश सोडलेले. व्हिएन्नातल्यासारखा लोकांनी रेंगाळायचा चौक अमेरिकन उपनगराला द्यावा, ही त्यांची इच्छा. आत कायम वसंत ऋतू, झाडं, भलामोठा पक्ष्यांचा पिंजरासुद्धा. भोवती घरं, शाळा, बाग, तळं असं सगळं त्यांच्या कागदावर होतं. प्रत्यक्षात मॉलला वेढा पडला पार्किंगचा. पुढे ग्रुएन स्वतःच मॉल या प्रकारावर वैतागले आणि व्हिएन्नाला परत गेले.

म्हणून दादाच्या बोलण्यातलं मला अर्धंच पटतं. नागपूरच्या मे महिन्यात ‘मैदानात न्या’ म्हणणाऱ्याने दुपारी दोनला आधी स्वतः जाऊन दाखवावं. पण वहिनी म्हणते तसं ‘मॉल म्हणजे सुरक्षित, स्वच्छ, मुलं डोळ्यांसमोर’ हेही मला गिळवत नाही. 1999 मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल सुरू झाला, तेव्हा सुरुवातीला आत सोडण्याआधी दारात मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड आहे का, ते विचारत. आज तसं कुणी विचारत नाही. तरी रिकाम्या हाताने तासभर नुसतं हिंडणारा म्हातारा पुण्या-मुंबईच्या किती मॉलमध्ये दिसतो? गिरण्यांच्या जागी परळात काय काय उभं राहिलं, त्यात मुलांना फुकट पळता येईल अशी जागा किती, हेही ग्रुपवर कुणी काढत नाही. भांडण मात्र खरेदीवर आणि संस्कारांवर.

मला खुपतं ते वेगळंच. मॉलमध्ये मूल एकटं जाऊ शकत नाही. आमच्या घरापासून तिथवर फूटपाथच नाही. गाडी काढल्याशिवाय पोहोचता येत नाही. ब्लूमिंग्टनच्या मॉल ऑफ अमेरिकात तर 1996 साली नियमच झाला, शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी सोळाखालच्यांसोबत मोठं माणूस हवं. इथे निदान हिवाळ्याची सबब आहे. पुण्यात वर्षातले आठ-नऊ महिने हवा अशी असते, की इथले लोक त्यासाठी विमानाची तिकिटं काढतील. आणि आपण तिथे कोपऱ्यावरचं दुकान, फूटपाथ, मोकळा प्लॉट हळूहळू सोडून देतोय.

गेल्या जूनमध्ये आम्ही भारतात होतो, तेव्हा आईने माझ्या आठ वर्षांच्या मुलाला वीस रुपये देऊन खाली कोथिंबीर आणायला पाठवलं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आईने मला हाताला धरून आत आणलं. दहा मिनिटांनी स्वारी आली. जुडी मेथीची होती, वर भाजीवालीने चार मिरच्या फुकट दिलेल्या आणि पाचाचं नाणं मुठीत घामेजलेलं. मेथी परत करायला तो लगेच पुन्हा खाली पळाला. जाताना मला बजावून गेला, ‘तू गॅलरीत येऊ नकोस.’

परवा मॉलमध्ये आजोबांची आठवी फेरी चालू असताना त्याने विचारलं, ‘आई, त्या टोकापर्यंत मी एकटा जाऊन येऊ?’ मी हो म्हटलं. तो सुरक्षारक्षकापर्यंत पोहोचला. मग रक्षकच त्याचा हात धरून त्याला माझ्यापाशी घेऊन आला.