लांबच्या चालीची तयारी आणि उन्हाळ्यातले छोटे ट्रेक

येत्या डिसेंबरात भीमाशंकरहून निघून आहुपे, दुर्ग-ढाकोबा, जीवधन, नाणेघाट, हरिश्चंद्रगड आणि रतनगड करत कळसूबाईपर्यंत सलग चालत जायचा आमचा बेत आहे. हे कळल्यापासून मित्रमंडळी उन्हाळ्यातच अलंग-मदन-कुलंग हे कठीण कातळचढाईचे तीन किल्ले उरकून घ्यायला सांगत आहेत. मला ते पटत नाही. डोंगररांगेवरून दिवसेंदिवस चालायच्या अशा रेंज ट्रेकमध्ये माणूस कातळटप्प्यावर क्वचितच हरतो. तो हरतो तिसऱ्या दिवशी सकाळी, सुजलेले पाय पुन्हा बुटांत कोंबताना. म्हणून सरावाचा ट्रेक निवडताना त्याच्या उंचीपेक्षा, तो केल्यावर दुसऱ्या दिवशीही चालणे भाग पडेल का, हे मी आधी पाहतो.

या हिशेबात मला राजमाची किल्ल्याची वाट सर्वांत सोयीची वाटते. शनिवारी पहाटे लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे निघाले, की सुमारे पंधरा किलोमीटरची, फारसा चढ नसलेली चाल मिळते. किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीत मुक्काम करून रविवारी उजाडताच कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कोंदिवड्याला उतरले, की गुडघ्यांची परीक्षा होते आणि ऊन तापायच्या आत कर्जत गाठता येते. गेल्या मे महिन्यात याच उतारावर, वाळक्या पानांखालच्या घसाऱ्यावर पाय रोवता रोवता, माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे बुटांच्या टोकावर आपटून काळीनिळी झाली. बूट अगदी मापाचे घेतले होते, हीच चूक. आता एक माप मोठे बूट घेतले आहेत आणि उतरण्यापूर्वी नाडी घोट्यापाशी आवळतो. हेच नाणेघाटात झाले असते, तर जुन्नरची एसटी धरून घरी यावे लागले असते.

उन्हाळ्यात वाटेतले पाणी आटलेले असते, त्यामुळे चार लिटर, म्हणजे चार किलो, पाठीवर येतातच. परंतु प्रत्येक घोटागणिक सॅक हलकी होत जाते आणि आपण तयार झालो असा भ्रम होतो. त्यामुळे पाणी मिळेल तिथे मी गरज नसतानाही बाटल्या भरतो. (घरी याला वेडेपणा म्हणतात.) भर उन्हात चालण्याला मात्र मी सराव मानत नाही; साडेदहानंतर सावली धरावी आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्यावे.

पुढच्या शनिवारी खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला चढून रविवारी त्याच वाटेने उतरणार आहोत. शिड्या लावलेल्या, जास्त अवघड शिडी घाटाचा आग्रह आत्ताच सुरू झाला आहे, पण भरलेल्या सॅका घेऊन तिकडे जाण्याचा माझा विचार नाही.