बियाणं घड्याळातलंच पेरा

रँडम आकडे काढायचे म्हणजे आधी सीड हवं. सीड म्हणजे बियाणं: ज्या एका आकड्यापासून कॉम्प्युटर पुढचे सगळे आकडे काढतो तो; सीड तेच तर आकडेही तेच. आणि घरात घड्याळ असताना बियाणं शोधत दारोदार कशाला फिरायचं? आत्ताची वेळ सेकंदांत घ्या, एसरँड या सीड घेणाऱ्या फंक्शनला द्या आणि जेवायला जा. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे दिवसभरात बियाणंही तेवढंच, अशी कुरकूर एखादा शंकेखोर करेल. त्याला विचारा, तेवढ्या वेळा प्रयत्न करत बसायला कुणाला वेळ आहे? (लॅपटॉपला आहे. पण तो त्या मीटिंगला नसतो.)

या पद्धतीने ग्राहकसेवा किती जलद होते बघा. कुणीतरी तुमच्या साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबतं, अर्थात दुसऱ्याच्या खात्यासाठी. तुमचा सर्व्हर तत्परतेने उत्तर देतो आणि सोबत डेट हेडरमध्ये, म्हणजे उत्तराच्या माथ्यावरच्या नोंदीत, स्वतःची वेळही कळवतो: १०:३२:०७. समोरचे गृहस्थ तोच क्षण सीड म्हणून देतात, तेच फंक्शन चालवतात, फार तर एकदोन सेकंद मागेपुढे करून बघतात. खऱ्या मालकाने मेल उघडायच्या आत रीसेटची लिंक तयार!

लिंकमधलं टोकन, म्हणजे तो गुप्त आकडा, अगदीच उघडंवाघडं दिसत असेल तर एमडी५ मधून काढा; ते कुठल्याही आकड्याचा ठरावीक हॅश, म्हणजे अक्षरांचा गुंता, करून देतं. ८६,४०० आकड्यांचे फार तर ८६,४०० च हॅश होणार, पण बत्तीस अक्षरांचं ते गचपण पाहिलं की रिव्ह्यू करणारा मान डोलावतो. रिव्ह्यू तेवढ्यासाठीच तर असतो.

सेकंद कमी वाटले तर मिलिसेकंद घ्या. एएसएफ सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन पोकरमध्ये मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद हेच सीड होतं. ५२ पत्ते जितक्या क्रमांनी लागू शकतात तो आकडा ६८ अंकी आहे. यांची बियाणी होती ८ कोटी ६४ लाख. शिवाय पत्ते किती निष्पक्षपणे पिसले जातात हे पटावं म्हणून त्यांनी पिसण्याचा कोडच जाहीर केला होता. १९९९ मध्ये काही संशोधकांनी आपलं घड्याळ त्यांच्या सर्व्हरशी जुळवलं, शक्यता दोन लाखांच्या आसपास आणल्या आणि हातातले दोन व टेबलावरचे तीन पत्ते बघून बाकी सगळ्यांचे हात ओळखले. पारदर्शकता म्हणतात ती हीच.

नुसती वेळ नको? जोडीला प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमला सिस्टिम देते तो क्रमांक, घाला. नेटस्केपने ब्राउझरमधल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांसाठी वेळ, प्रोसेस आयडी आणि पेरेंट प्रोसेस आयडी (त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा क्रमांक) एवढ्यावर भागवलं होतं. १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते उकललं. विद्यार्थ्यांना उद्योग नसतो, दुसरं काय!

आणि वॉर्निंग आली तर ती उडवा. डेबियन या लिनक्समध्ये २००६ साली ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या एका ओळीबद्दल व्हॅलग्राइंड हे चुका शोधणारं टूल तक्रार करत होतं, म्हणून ती ओळ कॉमेंट करून बंद केली गेली. वॉर्निंग गेली, तिच्यासोबत सीडमध्ये मिसळायची सगळी सामग्रीही गेली. उरला एकटा प्रोसेस आयडी. एका प्रकारच्या मशीनवर एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६७. मे २००८ मध्ये हे उघड झालं, तोवर सगळं किती शांत, किती स्वच्छ होतं!

साहेबांना आकडा दाखवायचा असेल तर मर्सेन ट्विस्टर हे रँडम आकडे काढणारं सूत्र वापरा. क्रम पुन्हा सुरू व्हायला २ चा १९,९३७ वा घात उणे १ इतके आकडे लागतात, हे स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहा. सलग ६२४ आकडे पाहिले की पुढचे सगळे सांगता येतात, हे लिहायला स्लाइडवर जागा उरत नाही.

अंदाज बांधता येणार नाही असे आकडे काढायचं काम ऑपरेटिंग सिस्टिम फुकटात करून देते. लिनक्समध्ये २०१४ पासून गेटरँडम आहे, पायथनमध्ये सीक्रेट्स मॉड्यूल आहे. पण एका ओळीत भागलं तर तुम्ही रात्री जागून लिहिलेल्या दोनशे ओळींच्या रँडम हेल्परचं काय? तो राहू द्या. वर फक्त ‘तात्पुरतं’ अशी कॉमेंट टाका. माझ्या कोडमध्ये ती पाच वर्षं टिकली.