सशाचे हृदय आणि ‘दिशाभूल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हृदयाच्या अनियमित लयीवरील औषधांविषयीच्या माझ्या लेखाखाली आपण चार आक्षेप नोंदवले आहेत: कास्ट चाचणीचे (लयीवरच्या औषधांची रुग्णांवर घेतलेली मोठी चाचणी) साल चुकले, त्या चाचणीतील फ्लेकेनाइड या औषधाने प्राण्यांवरचे प्रयोग निरुपयोगी ठरवले, असे प्रयोग करणारे प्राण्यांचे धड गटवाटप (कोणाला औषध द्यायचे, कोणाला नाही, हे ठरवणे) करत नाहीत आणि फसलेले निष्कर्ष दडवतात, आणि हे ठाऊक असूनही मी ‘वाचकांची जाणूनबुजून दिशाभूल’ करतो.

सालाची चूक माझीच आहे. फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड ही औषधे चाचणीतून १९८९ च्या एप्रिलमध्ये काढण्यात आली. १९९१ हे सविस्तर अहवालाचे साल. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण चूक दाखवणे निराळे आणि हेतूवर चिखल उडवणे निराळे, हा भेद टोपणनावाने लिहिणाऱ्यानेही पाळायला हरकत नसावी. ‘जाणूनबुजून’ हा शब्द आपण कशाच्या आधारावर वापरलात, हे प्रतिक्रियेत कुठेही सापडले नाही.

आता फ्लेकेनाइड. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ज्या रुग्णांच्या हृदयात अवेळी ठोके पडत होते, त्यांच्यावर ही चाचणी झाली. फ्लेकेनाइड किंवा एनकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, तर प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) घेणाऱ्या ७४३ पैकी २६. आकडे भयंकर आहेत, हे मी लेखातही लिहिले होते. परंतु गट पाडण्याआधी या प्रत्येक रुग्णाचे अवेळी ठोके औषधाने कमी होतात याची खात्री करून घेतलेली होती, म्हणजे औषधाला पसंतीचा शेरा दिला तो माणसाच्याच ईसीजीने. ठोके दबले की मृत्यू टळेल, हे गृहीतक रुग्णांच्या खाटेशेजारी जन्मले, कुत्र्यांच्या पिंजऱ्याशेजारी नव्हे. उलट, झटक्याने हृदयस्नायूत व्रण झालेल्या कुत्र्यांना फ्लेकेनाइड संरक्षण देत नाही, प्रसंगी घातकच ठरते, हे चाचणी थांबण्याआधीच छापून आले होते. या औषधाने पेशींत शिरणाऱ्या सोडियमची वाट अडली की व्रणाभोवतीच्या स्नायूतून विद्युतलहर रेंगाळत जाते, आणि रेंगाळलेल्या लहरीला वळसा घालून परत फिरायला सवड मिळते. कुत्र्याने सांगितले ते ऐकले गेले नाही, याचा दोष कुत्र्यावर कसा?

हेच फ्लेकेनाइड २००९ साली एका उंदराच्या मदतीने पुन्हा पुढे आले. व्यायाम किंवा तीव्र भावनेने ज्या मुलांची लय अचानक बिघडते, त्यांच्यासारखा जनुकदोष असलेल्या उंदरात ते उपयोगी पडले. इतर उपायांना न जुमानणाऱ्या दोन रुग्णांतही पडले. उंदराचे हृदय मिनिटाला सहाशेच्या आसपास ठोके घेते, आपले सत्तर-ऐंशी, तेव्हा उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे हे मला शिकवण्याची गरज नाही.

गरज नाही म्हणतो, कारण मी वीस वर्षे औषधशास्त्र शिकवले आहे. महाधमनीतून नळी घालून टांगलेले सशाचे हृदय, खालून ठिबकणारे क्षारद्रावण, प्राणवायूचे बुडबुडे. हे चित्र मी पेपरांत वाचलेले नाही, त्यासमोर पहाटेपासून उभा राहिलो आहे. एका सकाळी थर्मोस्टॅट बिघडून द्रावण ३७ वरून ३३ अंशांवर उतरले, ठोके मंदावले, आणि आम्ही अर्धा तास ते श्रेय औषधाला देत बसलो होतो. अखेर कोमट नळीला हात लावून चूक पकडली ती मीच. आपण असा हात कधी कशाला लावला आहे का, हे विचारण्याचा मोह आवरत नाही.

गटवाटप आणि न छापलेले निष्कर्ष यांविषयी आपण जे लिहिले ते सर्वश्रुत आहे. त्यात शिरत नाही.

पुढचा लेख अमिओडॅरोनवर आहे. हे औषध मुळात छातीतल्या कळेसाठी होते. लयीवरचा त्याचा परिणाम १९७० साली ऑक्सफर्डमध्ये ब्रम्हा सिंग आणि व्हॉन विल्यम्स यांनी दाखवला, तो सशांच्या हृदयांवर. म्हणजे ससे पुन्हा येणार आहेत. त्यावर लिहावेसे वाटल्यास लेख शेवटपर्यंत वाचून लिहावे, एवढी विनंती.