एजंटची गाडी, तिचा हप्ता आणि ग्राहकाचा विश्वास

घरे आणि जागा विकण्याच्या आमच्या व्यवसायात एक समज इतका पक्का रुजला आहे, की त्याबद्दल कोणी फेरविचारही करत नाही. गाडी मोठी असल्याशिवाय मोठे गिऱ्हाईक हाती लागत नाही, असे जुने एजंट नव्यांना सांगतात आणि नवी मुले ते ऐकून पहिल्या दोन-चार व्यवहारांची दलाली खात्यावर स्थिरावण्याआधीच एसयूव्हीच्या कर्जावर सही करून मोकळी होतात. मी पुण्याजवळच्या वाकड, ताथवडे, पुनावळे आणि रावेत या पट्ट्यात बऱ्याच वर्षांपासून रिसेलचे, म्हणजे जुन्या घरांच्या फेरविक्रीचे, आणि नव्या प्रकल्पांचे काम करते आहे. गाडीचा ग्राहकाच्या मनावर परिणाम होतो, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र तो परिणाम गाडीच्या किमतीतून येतो, हे मला मान्य नाही. आणि प्रभाव पाडण्यासाठी कर्ज काढून घेतलेली गाडी शेवटी ग्राहकाच्याच मुळावर येते, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माणूस गाडीवरून माणसाची किंमत करतो, यात शंका नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डूब आणि ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर एक प्रयोग केला होता आणि त्याचे निष्कर्ष 1968 मध्ये प्रसिद्ध झाले. सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम जागची हलवायची नाही आणि मागचा चालक हॉर्न कधी वाजवतो, हे पाहायचे, असा तो प्रयोग होता. पुढे उंची, चकचकीत गाडी असली की लोक जास्त वेळ थांबत होते आणि जुनी, स्वस्त गाडी असली की लगेच हॉर्न वाजवत होते. पुण्याच्या कोणत्याही चौकात आजही हेच दिसेल. परंतु ही छाप अनोळखी माणसाची आणि काही सेकंदांपुरती असते. घराचा व्यवहार महिनोन्‌महिने चालतो. पहिल्या भेटीपासून दस्त नोंदणीपर्यंत ग्राहक आपल्याला इतक्या प्रसंगांत पाहत असतो, की गाडीने मिळवून दिलेला मान दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंतही पुरत नाही.

शिवाय ती पहिली छापसुद्धा प्रत्येक वेळी आपल्या बाजूचीच असते, असे नाही. मोठ्या गाडीतून उतरलेल्या एजंटला पाहून एकाच्या मनात ‘यांचे काम चांगले चाललेले दिसते’ असा विचार येतो, तर दुसऱ्याच्या मनात ‘ही गाडी आमच्यासारख्यांच्याच पैशातून आली असणार’ असा. रिसेलमध्ये हे फार स्पष्ट जाणवते. तिथे दलाली घर विकणारा आणि घेणारा यांनी आपापल्या खिशातून द्यायची असते आणि आमच्या भागात ती साधारणपणे प्रत्येक बाजूने एक ते दोन टक्के असते. ज्याने पंधरा वर्षे गृहकर्जाचे हप्ते फेडून फ्लॅट स्वतःचा केला आहे आणि आता मुलाच्या शिक्षणासाठी तो विकायला काढला आहे, त्याच्यासमोर आपण दिमाखात उभे राहिलो, तर दलालीची बोलणी तिथूनच अवघड होतात. नव्या प्रकल्पात दलाली बिल्डर देतो, त्यामुळे ही सल तितकीशी बोचत नाही.

जमिनीच्या व्यवहारात मात्र गाडीला खरोखर वजन आहे, हे मान्य केले पाहिजे. मुळशी-मावळात जागा दाखवायची असेल, तर डांबरी रस्ता संपल्यावर चढ, दगड आणि पावसाळ्यात चिखल लागतो. तिथे उंच गाडी ही चैन नसते, गरज असते. जमिनीचा मालकही येणाऱ्याची गाडी न्याहाळतो, कारण समोरच्याकडे खरेच पैसेवाला खरेदीदार आहे, की हा नुसताच सातबारा फिरवत हिंडणारा आहे, हे त्याला ताडायचे असते. तरीही सर्वांत मोठ्या फसवणुकी याच क्षेत्रात आणि अशाच गाड्यांतून झालेल्या मी पाहिल्या आहेत.

माझ्याकडे एक निवृत्त दांपत्य दोन गुंठ्यांच्या प्लॉटची कागदपत्रे घेऊन आले होते. ज्या एजंटकडून त्यांनी तो प्लॉट घेतला, त्याने त्यांना घरापासून प्रशस्त गाडीतून नेले, वाटेत आग्रहाने जेवू घातले आणि संध्याकाळी पुन्हा दारात आणून सोडले. त्या दिवसभरात ना फेरफार (मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, याची नोंद) विचारला गेला, ना झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे, याचा दाखला). शेतजमिनीचे असे लहान तुकडे पाडण्याला 1947 पासून तुकडेबंदीचा कायदा आडवा येत होता आणि त्यातून पळवाट म्हणून अनेकांच्या नावे एकत्र खरेदीखत करण्याची पद्धत सर्रास चालत होती. त्यांच्या दस्तावरही बरीच नावे होती आणि आपला तुकडा जागेवर नेमका कुठून कुठवर आहे, हे त्यांना कोणीच मोजून दिलेले नव्हते. मी त्यांना विचारले, की एवढी मोठी रक्कम देण्याआधी तुम्ही वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, का घेतला नाही. त्यावर काका म्हणाले, ‘अहो ताई, एवढी मोठी गाडी असलेला माणूस दोन गुंठ्यांसाठी कशाला खोटे बोलेल?’ या एका वाक्यात आमच्या व्यवसायातील गाडीच्या प्रभावाचे सगळे दुखणे आले. त्या गाडीने काकांना तपासणीची गरजच वाटू दिली नाही.

फ्लॅट दाखवण्याच्या कामात गाडीचे महत्त्व वेगळे आहे आणि माझ्या मते त्याचा विचार आम्ही एजंट फारच कमी करतो. शनिवार-रविवारी साईट पाहायला निघालेले कुटुंब आपल्या गाडीत तास-दोन तास बसते. भूमकर चौकातून बाहेर पडायचे, सेवारस्त्याने पुनावळ्याच्या अंडरपासपर्यंत जायचे, तिथल्या रांगेत थांबायचे आणि मग पलीकडचे दोन प्रकल्प पाहून परत फिरायचे. या वेळात ग्राहक सॅम्पल फ्लॅटपेक्षा जास्त काळ आपल्या गाडीत असतो. पती-पत्नी मागच्या सीटवर हळू आवाजात हिशेब करतात, मुलांच्या शाळेचे अंतर मोजतात, तिसऱ्या खोलीवाचून भागेल का, यावर त्यांचे हलकेसे मतभेद होतात. खरा निर्णय बऱ्याचदा तिथेच आकार घेतो. त्या वेळी गाडी स्वच्छ असावी, एसी चालावा, गुटख्याचा किंवा सिगारेटचा वास नसावा, मागच्या सीटचे पट्टे कव्हराखाली दडपलेले नसावेत आणि चालवणाऱ्याने शांतपणे चालवावे, एवढेच लागते. त्यासाठी वॅगन-आर पुरेशी आहे.

पुष्कळदा घर पाहायला आई-वडीलही सोबत येतात. गुडघ्याचे दुखणे असलेल्या आजींना उंच एसयूव्हीत चढवताना काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. एका साईटच्या गेटवर दुसऱ्या एजंटच्या गाडीतून एक आजी उतरत होत्या. एक हात दरवाजाच्या वरच्या कडीला, दुसरा सुनेच्या खांद्यावर, साडीचा काठ पायरीत अडकलेला आणि उतरणाऱ्या पायाला जमीन सापडत नव्हती. एजंट तोवर पुढे जाऊन सेल्स ऑफिसच्या वहीत आपल्या नावावर ग्राहकाची नोंद करून घेत होता, कारण ती नोंद आधी झाली नाही, तर दलालीवरचा हक्क जातो. त्याची घाई मला समजते. पण पुढची साईट पाहायला त्या आजी गाडीतून उतरल्याच नाहीत आणि ज्या घरात आपल्याला राहायचे आहे, ते त्यांनी काचेतून पाहिले. त्या कुटुंबाच्या मनात गाडीची कोणती छाप राहिली असेल, याचा प्रत्येकाने विचार करावा.

गाडीत आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे फोन. हल्ली सगळ्यांचे फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेले असतात. एका तरुण जोडप्याने मला सांगितलेला अनुभव असा, की ते दुसऱ्या एजंटबरोबर साईट पाहून परतत असताना त्याला बिल्डरच्या सेल्स मॅनेजरचा फोन आला आणि सगळ्या गाडीत ऐकू गेले, की या महिन्यात अजून एक बुकिंग दिले, तर तुमची दलाली वरच्या टप्प्यात जाईल. पाच मिनिटांपूर्वी हाच एजंट त्यांना ‘दर पुढच्या आठवड्यात वाढणार आहेत, आजच टोकन द्या’ असे सांगत होता. गाडी नवीकोरी होती. पण त्या फोननंतर जोडप्याने त्याच्याशी व्यवहार केला नाही. दुसऱ्या ग्राहकाचे बजेट, कोणाच्या कर्जाची अडचण, कोणाच्या घरातला वाटणीचा वाद, असे बरेच काही आमच्या फोनवर येत असते. ते मागे बसलेल्यांच्या कानांवर पडले, की उद्या आपलेही असेच चारचौघांत बोलले जाणार, हे त्यांना कळते.

आता हप्त्याचा मुद्दा, ज्यासाठी मी मुख्यतः ही पोस्ट लिहिते आहे. 20 लाखांचे वाहन कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता 41 हजार 500 रुपयांच्या आसपास येतो. इंधन, विमा, सर्व्हिसिंग वेगळे. आमचे उत्पन्न मात्र महिन्याच्या महिन्याला येत नाही. 70 लाखांच्या रिसेल फ्लॅटवर एका बाजूची एक टक्का दलाली 70 हजार होते, आणि तीही दस्त होईपर्यंत हातात पडत नाही. नव्या प्रकल्पात टक्केवारी जास्त असते, परंतु ग्राहकाने ठरलेली रक्कम भरून करारनामा नोंदवल्यानंतरच बिल्डरकडे बिल लावता येते आणि त्यापुढे पैसे येण्याची वाट पाहावी लागते. बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. अशा स्थितीत पाच तारीख जवळ आलेल्या एजंटसमोर ग्राहक बसला आहे आणि विचारतो आहे, ‘हा प्रकल्प घ्यावा, की सहा महिने थांबावे?’ थांबणे त्याच्या हिताचे असेल, तर ते सांगण्याचे बळ या एजंटच्या अंगी उरते का? बहुतेकांच्या अंगी उरत नाही, हे मी आजूबाजूला पाहते आहे. चांगली, मनाने सरळ मुले हप्त्याच्या ओझ्याखाली ग्राहकाला घाई करू लागतात, पझेशनची तारीख अलीकडे आणून सांगतात, शेजारच्या, सार्वजनिक कामासाठी आरक्षित भूखंडाबद्दल गप्प राहतात. आपण ज्या गाडीवर भुललो, तिची किंमत त्या सल्ल्यातून वसूल होते आहे, हे ग्राहकाला कळतही नाही.

म्हणून मोठी गाडी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. स्वतःच्या साठवलेल्या पैशातून, कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा जमिनीच्या कामासाठी ज्याने गाडी घेतली, त्याने ती अभिमानाने चालवावी. माझा आक्षेप ग्राहकावर छाप पाडण्याचे भांडवल म्हणून कर्ज काढण्याला आहे. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच बंदी घातली, तरी आमच्यातले काही जण ती लावून आणि पुढच्या काचेमागे एखाद्या नेत्याचा फोटो किंवा पदाची पाटी ठेवून फिरतात. त्यांना वाटते, की यातून वजन दिसते. कुटुंब घेऊन आलेल्या ग्राहकाला त्यातून एवढेच समजते, की उद्या वाद झाला, तर हा माणूस आपल्याला भारी पडेल.

ग्राहकांनीही एजंटला कशावरून जोखायचे, हे समजून घेतले पाहिजे. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटला स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि 2023 मध्ये महारेराने (या कायद्याखालील महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने) त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आणली. व्यक्ती म्हणून नोंदणी करणाऱ्याला दहा हजार रुपये शुल्क आहे आणि ती नोंदणी पाच वर्षे चालते. कायद्याने मागितलेली ही ओळख त्या गाडीच्या एका हप्त्याच्या पाव भागात मिळते. नोंदणी नसलेला प्रकल्प एजंटने विकता कामा नये, हिशेबाच्या वह्या ठेवल्या पाहिजेत, खोटी हमी देता कामा नये आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सर्व कागदपत्रे मिळवून दिली पाहिजेत, असे याच कायद्याच्या कलम 10 मध्ये लिहिलेले आहे. एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ए’ने आणि प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो, दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतात. गाडीत बसण्याआधी हे दोन क्रमांक मागा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवा. जो एजंट हे प्रश्न ऐकून वैतागतो, त्याच्या गाडीत बसू नका.

स्त्री एजंट म्हणून मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या अनेक मुली ‘गाडी नाही’ म्हणून मागे राहतात. त्यांना चारचाकी चालवता येत असते, घरात ती विकत घेण्याची ऐपत मात्र नसते, आणि स्कूटरवर आलेल्या मुलीला ग्राहक गंभीरपणे घेणार नाही, असे त्यांना सगळीकडून सांगितले जाते. वास्तविक आता बहुतेक ग्राहक स्वतःच्या गाडीने येणे पसंत करतात आणि त्यांना फक्त लोकेशन हवे असते. ज्यांना गाडी लागते, त्यांच्यासाठी कित्येक बिल्डर ने-आण करण्याची सोय करतात. माझ्या कार्यालयात काम शिकणारी मुलगी ग्राहकाला थेट साईटच्या गेटवर भेटते. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, चटई क्षेत्राचा (कार्पेट एरियाचा) तक्ता, मेंटेनन्सचा अंदाज आणि सकाळी पाण्याचा टँकर येतो का याची सोसायटीच्या वॉचमनकडून काढलेली माहिती, हे सगळे तिच्या फाईलमध्ये असते. ती कशावर बसून आली, हे आजवर एकाही ग्राहकाने मला विचारलेले नाही. फाईलबद्दल मात्र अनेकांनी विचारले आहे. सोबत वयस्कर माणसे असतील, त्या दिवशी ती माझी गाडी घेऊन जाते. गाडीचे कर्ज एवढ्यात काढू नकोस, असे मी तिला स्पष्ट सांगितले आहे, आणि ज्या नव्या एजंटांना हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी सही करण्याआधी माझ्याशी किंवा या कामात मुरलेल्या कोणाशीही एकदा बोलावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.